अंबूअक्काचं न्यूट्रलशी उभं वैर

तंजावरला बदली होऊन आले त्या दिवशी स्टेशनवरून रिक्षा केली, आणि पहिल्याच सिग्नलला माझ्या कानावर मराठी पडलं. तेही ओरडून!

"अहो, गिअर घाला म्हणतें ना! मागें बस येती आहे, दिसत नाहीं काय? सिग्नल आहे हा, तुमची ओसरी नव्हे!"

मी बॅगांच्या ढिगातून मान बाहेर काढली. रिक्षाच्या एका अंगाला दोन मोटरसायकली शेजारीशेजारी उभ्या. एकीवर टक्कल पडलेले एक गृहस्थ. गाडी बंद, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलेलं, पंच्याने मान पुसणं चाललेलं, चेहऱ्यावर जेवणानंतरची प्रसन्नता. दुसरीवर एक बाई. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट. डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर, डावी मूठ क्लचवर आवळलेली आणि नजर आरशात. आरशाच्या दांडीला अबोलीचा गजरा बांधलेला. गाडी अशी गुरगुरत होती की जणू सिग्नलनेच तिची परवानगी मागायची होती.

साताऱ्याहून इतक्या लांब आल्यावर भर रस्त्यात आपली भाषा ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी ओरडलेच, "तुम्ही मराठी?"

बाईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आरशातली नजर न हलवता म्हणाल्या, "अत्ता बोलूं नको. गिअरमध्यें आहें."

सिग्नल हिरवा झाला आणि त्या गेल्या. गेल्या म्हणजे अक्षरशः सुटल्या. गृहस्थ अजून हेल्मेटचा पट्टा शोधत होते आणि त्यांच्यामागे अख्खं तंजावर हॉर्न वाजवत होतं.

पुढे रिक्षा राजवाड्याच्या मागच्या गल्लीत शिरली. कचेरीने माझ्यासाठी ठरवलेल्या माडीच्या घरापुढे थांबली, आणि बघते तर अंगणात तीच मोटरसायकल. बाई केसांत गजरा माळत दारात उभ्या. हेल्मेटखाली फुलं चुरगळतात म्हणून प्रवासात गजरा आरशाला आणि पोचल्यावर केसांत, हा त्यांचा शिरस्ता मला नंतर कळला. आता मात्र त्या तोंडभर हसल्या. "ये गे, ये. अत्ता बोल. कॉफी घेतेस काय?"

ही अंबूअक्का. माझी घरमालकीण, आणि पुढची सगळी वर्षं माझी शेजारीण, पालक आणि फौजदार.

अक्काचे पूर्वज मराठी राजांबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण देवनागरी अक्काला वाचता येत नाही. ती मराठी लिहिते तमिळ अक्षरांत. त्यामुळे आम्ही एकमेकींना चिठ्ठी लिहिण्याच्या भानगडीत पडलो नाही, जे काही असेल ते जिन्यातून ओरडून. तिची नोकरी शेतकी खात्यातली. कावेरीच्या पाण्यावरच्या गावागावांत जाऊन भाताची रोपं बघायची, कीड ओळखायची, शेतकऱ्यांना सांगायचं. बस जिथे जाते तिथे कीड पडत नाही, असं ती म्हणायची. म्हणून तरुणपणीच मोटरसायकल घेतली, आणि कालव्यांच्या बांधांवरून, नारळांच्या रांगांमधून तिने अख्खा तालुका पालथा घातला. निवृत्त झाली तरी शेतकऱ्यांचे फोन काही निवृत्त झाले नाहीत. "अक्का, पान पिवळं पडतंय" असं कुणी म्हटलं की ही बूट चढवून तयार.

तिची श्रद्धा तशी अनेक गोष्टींवर होती, पण वैर एकाच गोष्टीशी. न्यूट्रल! रहदारीत थांबलं की बहुतेक माणसं गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, क्लच सोडतात, हात मोकळा करतात. अक्काच्या मते हा शुद्ध आळस आणि वर आत्महत्येची तयारी. थांबलेल्या माणसाने पहिला गिअर घालून, क्लच दाबून, डोळे आरशात ठेवून उभं राहायचं. मागून कुणी थांबायचं विसरला तर तुम्हाला बाजूला निसटता आलं पाहिजे. न्यूट्रल घातलं की मीटरवर एक छोटा हिरवा दिवा लागतो ना, त्यावर तर तिचा फारच राग.

"हिरवा दिवा समोर पायजे," ती बोट नाचवत सांगायची. "मांडीपाशीं नको."

आणि लग्न कुणाशी झालं? तर सिग्नलवरच्या त्या गृहस्थांशी, सुंदररावांशी! यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. अप्पा तालुका कचेरीत कारकून होते आणि जन्मापासून न्यूट्रलमध्ये होते. सिग्नल लागला की गाडी बंद, हेल्मेट खाली, शेजारच्या गाडीवाल्याशी त्याच्या गावाची, पिकाची, सासुरवाडीची चौकशी. अप्पांच्या कित्येक ओळखी सिग्नलवरच्या. त्यांचं म्हणणं असं की क्लच सतत दाबून ठेवला तर त्याची तार झिजते, हाताची शीर दुखते आणि माणसाचा स्वभाव बिघडतो. शेवटचा मुद्दा मांडताना ते बायकोकडे बघत नसत, एवढी सावधगिरी होती.

हा वाद त्या घरात रोजच्या कॉफीबरोबर चालायचा. मी तर पहिल्या महिन्यातच त्याची इतकी चटक लावून घेतली, की वाद थंडावला तर स्वतःच काडी टाकायची. "अक्का, ती पापनाशमच्या फाटकाची गोष्ट काय होती हो?" एवढंच म्हणायचं, की अक्का कॉफीचे पेले पुढे ओढायची.

"हा पेला म्हणजे मी. ही वाटी रेल्वेचं फाटक. फाटक बंद. मी गिअरमध्यें. आरशांत बघतें तर मागून पेंढा भरलेला ट्रॅक्टर." इथे डब्यातला मोठा लाडू ट्रॅक्टर म्हणून यायचा. "डोंगरासारखा पेंढा! ड्रायव्हर फोनवर. थांबतो म्हणून वाटलं, थांबेना. मी क्लच सोडलें, डावीकडे वळलें, गेलें! ट्रॅक्टर थेट फाटकाला. मी न्यूट्रलमध्यें असतें तर?"

लाडू वाटीला टेकलेला असायचा आणि आपण सगळे पोरके झालो असतो असं क्षणभर वाटायचंच.

मग अप्पा शांतपणे लाडू उचलून खायचे. "ट्रॅक्टर चांगला थांबला होता. फाटकाला उगेच नाक लागलं. ही मात्र कालव्यांत गेली. गुडघाभर चिखल. गावचीं माणसं दोर टाकून वंडी काढलीं." वंडी म्हणजे गाडी. "आणि तो फोनवाला ड्रायव्हर काय म्हणाला ठाऊक? म्हणाला, अम्मा, तुम्ही काय म्हणून कालव्यांत गेलांत?"

"जीव वांचला माझा!"

"वांचला. चिखलांत."

खरं काय झालं ते मला कधीच कळलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही झाली नाही. दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या आणि दोन्ही खऱ्या वाटायच्या.

अक्काने गल्लीतल्या बायकांना मोटरसायकल शिकवायला घेतली तेव्हा तर नुसती धमाल उडाली. स्कूटर शिकलेल्या पुष्कळ होत्या. गिअरची गाडी म्हटलं की त्यांचा धीर सुटायचा. अक्काने फर्मान काढलं, आधी हात तयार करा. आणि हात तयार करायचा कसा? तर चकल्या पाडून! लाकडी सोऱ्या, घट्ट पीठ, आणि तो दाबायचा फक्त डाव्या हाताने. क्लच धरायला जी ताकद लागते ती यातच येते असं तिचं गणित. गल्लीभर वाकड्यातिकड्या चकल्यांचे डबे फिरले. माझ्या चकल्यांवर अप्पांनी "कीड पडली आहे, खात्याला कळवा" असा शेरा मारला. पण हात तयार झाला हो! महिनाभरात मी राजवाड्याच्या मैदानात गिअर टाकत होते आणि आनंदाने किंचाळत होते.

आमच्या तुकडीत समोरच्या पद्मामामी होत्या. पन्नाशीच्या, भाविक, आणि शिकण्यात सगळ्यांत पुढे. अक्काचा नियम त्यांनी मंत्रासारखा उचलला होता. एका सकाळी अक्का त्यांना पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर घेऊन निघाली. मामी पुढे, अक्का दुसऱ्या गाडीवर शेजारी, आणि मागे अप्पांबरोबर मी. सिग्नल लागला. मामी थांबल्या. काय सुंदर थांबल्या! पहिला गिअर, क्लच आवळलेला, नजर आरशात. अक्काच्या चेहऱ्यावर गुरूचं समाधान मावेना.

आता त्या कोपऱ्यावर पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, छोटं देऊळ आहे. तिकडे देवळावरून जाताना माणसं नुसता नमस्कार करत नाहीत; दोन्ही हातांनी आपल्याच गालांवर हलके थोपटून घेतात, चुका पदरात घे म्हणून. बसमधले थोपटतात, सायकलवाले थोपटतात. नेमकी त्याच वेळी देवळात घंटा वाजली. मामींचे दोन्ही हात आपोआप सुटले आणि गालांकडे गेले.

पहिल्या गिअरमधली गाडी, क्लच सुटलेला! गाडीने अशी उडी मारली की मामी गाल थोपटत थोपटतच पुढे गेल्या आणि फुलवालीच्या टोपलीत जाऊन थांबल्या. गाडी बंद पडली. मामींच्या अंगावर झेंडू, मांडीवर झेंडू, हेल्मेटवर तुळशीची जुडी. फुलवाली आधी ओरडणार होती, पण हा सगळा थाट बघून तिनेच हात जोडले. वाहतूक पोलीस शिट्टी तोंडात धरून हसत होता, त्यामुळे शिट्टी तुटक तुटक वाजत होती.

आणि अप्पा! अप्पांचा तो आयुष्यातला परमोच्च क्षण. ते गाडीवरून उतरले, भर चौकात उभे राहिले आणि म्हणाले, "बघा! न्यूट्रलमध्यें असती तर दोन्हीं हात देवाला मोकळे राहिले असते."

अक्का हरेल तर अक्का कसली? तिने मामींच्या अंगावरची फुलं झटकली आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "देवाला एक गाल पुरे. उजवा."

तेव्हापासून त्या चौकात अक्काच्या शिष्या एकाच हाताने एकच गाल थोपटताना दिसतात. पुजाऱ्याने एकदा चौकशी केली म्हणे, की हा कुठला नवा पंथ.

ती इतकी खणखणीत बाई, की तिचं कधी काही दुखेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या चकल्या करायला बसलो होतो. अक्का सोऱ्या दाबत होती, डाव्या हाताने, नेहमीसारखी. मधेच धार तुटली. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा तुटली. मग तिने सोऱ्या हळूच उजव्या हातात घेतला आणि कुणी बघितलं का म्हणून नजर फिरवली. मी बघितलं होतं. पण तिचा चेहरा असा होता की मी पटकन तेलाकडे बघायला लागले.

मग ती दुपार आली. पापनाशमच्या अलीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला होता, आणि रजेवर असल्याने मी अक्काच्या मागे बसून निघाले होते. चौकात थांबलो. शाळा सुटलेली, मुली सायकली ढकलत समोरून रस्ता ओलांडत होत्या. अक्का गिअरमध्ये. सिग्नल लांबला. तिच्या डाव्या हाताची बोटं मला दिसत होती. आधी पांढरी पडली, मग थरथरली. मी "अक्का" म्हणणार तोच क्लच तिच्या बोटांतून निसटला आणि गाडी उसळली.

उजव्या पायाने अक्काने ब्रेक दाबला म्हणून निभावलं. पुढचं चाक एका मुलीच्या सायकलला टेकलं आणि गाडी बंद पडली. मुलीला काही झालं नाही. ती दचकली, मग अक्काला ओळखून चक्क हसली आणि "सॉरी पाट्टी" म्हणून निघूनही गेली. पाट्टी म्हणजे आजी. चूक आजीची, आणि माफी नात मागून गेली.

अक्का हसली नाही. तिने उतरून गाडी कडेला ढकलली. किल्ली काढून माझ्या हातात दिली. "तूं चालव," एवढंच म्हणाली. घरी येईपर्यंत माझ्या मागे ती एक शब्द बोलली नाही. अक्का आणि मुकाट!

डॉक्टरांनी सांगितलं, अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय. थोडं दाबायला हरकत नाही, पण सतत आवळून धरणं बंद. म्हणजे नेमकी तीच गोष्ट, जी ती इतकी वर्षं सगळ्या जगाला बजावत आली होती. गाडीवर जुनी चादर पडली. शेतकऱ्यांचे फोन यायचे. ती फोनवरच विचारायची, पान कुठून पिवळं, देठाकडून की टोकाकडून, पण बघितल्याशिवाय तिला सांगता येत नसे. एकदा तिने एका शेतकऱ्याला "दुसऱ्या कुणाला तरी विचार" असं सांगितलेलं मी जिन्यातून ऐकलं, आणि मला रडू आलं. ही बाई गाडीशिवाय अर्धी होती, आणि ते तिलाही माहीत होतं.

सगळ्यांत वाईट अवस्था अप्पांची. इतक्या वर्षांचा वाद ते जिंकले होते आणि घरात वादाला माणूसच उरलं नव्हतं. एक दिवस धीर करून म्हणाले, "थांबलीस कीं न्यूट्रल घाल. हाताला विसावा. काय बिघडतें?"

"आणि मागून कोण आला तर? निसटायला येतें काय?" अक्काचा आवाज चढला नाही, हेच भयंकर. "माझ्यापुरतं असतं तर घातलें असतें. मागें कोण बसतं, पुढें कोण चालतं. नको. संपलं तें."

अप्पा कॉफीचा पेला नुसता हातात फिरवत बसले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत माझी बदलीची ऑर्डर आली. माझा जीव अक्कात अडकलेला, पण मी चार समजुतीचे शब्द बोलायला गेले की ती मलाच खायला घालून गप्प करायची. एक मात्र लक्षात यायचं. सकाळी उन्हं चढायच्या आधी दोघं नवराबायको कुठेतरी जायची, आणि विचारलं तर "कोविलला" म्हणजे देवळात, एवढंच उत्तर. मी म्हटलं, बरं झालं, देवाकडे मन लागलंय. अंगणातली चादर जिथल्या तिथे असायची, म्हणून शंकाही आली नाही.

माझा शेवटचा आठवडा. कचेरीच्या जीपने कुंभकोणमहून परत येत होते. भाताची कापणी जोरात, रस्ताभर लॉऱ्या. पापनाशमच्या अलीकडे एक अरुंद पूल आम्ही उतरलो तोच मागे त्यावर दोन लॉऱ्या समोरासमोर अडकल्या आणि दोन्ही बाजूंची रहदारी हळूहळू थांबत गेली. समोरच्या रांगेने रस्ता अडला आणि आमची जीपही थांबली. ड्रायव्हरने शिव्या घातल्या. मी कंटाळून समोरून येणाऱ्या रांगेकडे बघितलं.

अक्का! मी ताडकन उठले, डोकं जीपच्या छताला आपटलं. अक्काच होती! कॅनव्हासचे बूट, खोचलेला पदर, आरशाला फुलं. गाडी मात्र अप्पांची; म्हणजे चादर न हलवता रोज सकाळचं "कोविल" हे होतं! रांगेच्या शेवटी येऊन ती थांबत होती आणि मागे अप्पा बसले होते. हेल्मेट घालून. पट्टासुद्धा लावलेला!

पण ते बसले होते कसे? कमरेत पूर्ण वळून, मागे तोंड करून. एक हात अक्काच्या खांद्यावर घट्ट, दुसरा हात रस्त्याकडे ताणलेला, पंजा उघडा. मागून भाताची पोती लादलेली लॉरी येत होती. अप्पा ओरडले, "निल्ल! निल्ल!" थांब, थांब! जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस असा ओरडला की शेतातले बगळे उडाले. अक्काची मूठ अजून क्लचवर. लॉरी हळू झाली. थांबली. तिच्यामागे एक व्हॅन आली, तीही थांबली. मगच अप्पांनी अक्काच्या खांद्यावर थाप मारली. अक्काचा पाय हलला, आणि तिने क्लच सोडला. न्यूट्रल! अंबूअक्का, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, न्यूट्रलमध्ये!

मी जीपमधून उतरलेच. "अक्काऽऽ!"

तिने मला पाहिलं. चोरी पकडल्यासारखी आधी जीभ चावली, मग खदखदून हसली. आणि तिने डावा हात वर केला. रस्त्यावर तो हात कधी मोकळा असा मी पाहिलाच नव्हता. बोटं उघडून मिटून दाखवत ती तो हलवत राहिली आणि ओरडली, "भातावर करपा पडला आहे म्हणतात! बघून येतें!"

मी धावतच त्यांच्याकडे निघाले, पण पुलावरची लॉरी मागे सरली आणि रांग हलली. अक्काने मूठ आवळली, गिअर घातला. मी अप्पांना हाक मारली, दोन्ही हात हलवले. अप्पांनी ऐकलं, हसलेसुद्धा, हेल्मेटच्या काचेतून मला ते दिसलं. पण मान वळवली नाही. माझ्या शेजारून गाडी पुढे गेली, पुलावर चढली, तरी ते मागच्या लॉरीकडे बघत होते, पंजा तयार ठेवून.